कूलरचे पाणी आणि वातानुकूलनाची वीज

वैशाखाच्या उन्हात शेतातून परतलेला माणूस प्रथम माठाकडे वळतो. बाहेर पारा ४२ अंशांवर असतो. तरीही त्याच सावलीत ठेवलेल्या माठातील पाणी घशाला गार लागते. माठास वीज लागत नाही व बर्फही लागत नाही. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, ते वाऱ्यावर उडून जाते आणि उडताना आतील पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते. विदर्भात व मराठवाड्यात आज घरोघर दिसणारा कूलर म्हणजे याच तत्त्वावर चालणारे साधन होय.

गेल्या काही वर्षांत खेड्यांतूनही कूलरच्या जोडीस वातानुकूलन यंत्रे, म्हणजे ज्यांस आपण ए.सी. म्हणतो ती, येऊ लागली आहेत. त्यामुळे ग्रामसभेत व बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो. कूलर पाणी पितो आणि ए.सी. वीज खातो, तर मग टंचाईच्या गावाने कोणते साधन पत्करावे? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु थोडा हिशेब मांडल्यास प्रत्येक गावास आपले उत्तर आपण काढता येईल. तो हिशेब कसा करावा हे या लेखात सांगितले आहे.

पाणी उडते तेव्हा उष्णता कोठे जाते?

एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी ३० अंशांवर असताना नुसते वाफ होऊन उडण्यास मात्र सुमारे ५८० किलोकॅलरी, म्हणजे आठपटींहून अधिक, उष्णता लागते. कूलरमध्ये ही उष्णता पाण्यास हवेकडून मिळते. पंख्याने ओढलेली तप्त व कोरडी हवा ओल्या ताटीतून जाते, ताटीतील पाण्यास आपली उष्णता देते आणि थंड व दमट होऊन खोलीत येते.

ए.सी.चे तत्त्वही मुळात निराळे नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्याच्या नळ्यांतही एक द्रव वाफ होतो आणि खोलीतील उष्णता शोषून घेतो. भेद एवढाच की ती वाफ बाहेर सोडून दिली जात नाही. यंत्रातील दाबपंप तिला दाबतो, बाहेरच्या भागात ती आपली उष्णता बाहेरील हवेस देते, पुन्हा द्रव होते व पुन्हा कामास लागते. सन १९०२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलीन येथील एका छापखान्यातील दमटपणा आटोक्यात आणण्यासाठी विलिस कॅरिअर या अभियंत्याने अशा यंत्रणेची आखणी केली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ तेथून मानला जातो.

सारांश, कूलरमध्ये वाफ झालेले पाणी आपण गमावतो, ए.सी.मध्ये द्रव गमावला जात नाही, परंतु वाफेला पुन्हा द्रव करण्याची मजुरी विजेच्या रूपाने द्यावी लागते. पुढील सर्व हिशेब या एका गोष्टीतून निघतो.

ओला व कोरडा तापमापक

कूलर किती गारवा देईल हे त्याच्या आकारावर कमी आणि हवेच्या कोरडेपणावर अधिक अवलंबून असते. हवा कोरडी असेल तर पाणी झपाट्याने उडते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर पाणी उडण्यास जागाच उरत नाही.

हे अजमावण्याची रीत सोपी आहे. दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या टोकास स्वच्छ मलमलीचे ओले फडके गुंडाळावे. दोन्ही तापमापक सावलीत धरून तीन-चार मिनिटे पंख्याचा वारा द्यावा व मग अंश वाचावेत. ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरलेला दिसेल. या दोहोंमधील फरक हीच कूलरची शक्य मर्यादा होय. चांगल्या, सर्वत्र भिजलेल्या ताटीचा कूलर त्या फरकाच्या सुमारे चार-पंचमांश इतकी हवा थंड करतो. ओल्या तापमापकाच्या खाली हवा नेणे साध्या कूलरला शक्य नाही.

उदाहरणार्थ, मे महिन्यात नागपूरकडे दुपारी हवा ४३ अंश तप्त व तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. फरक १९ अंशांचा झाला. चांगला कूलर हवा १५ अंशांनी उतरवून २८ अंशांवर आणील. याच वेळी कोकणपट्टीत हवा ३३ अंश व आर्द्रता ६८ टक्के असल्यास ओला तापमापक २८ अंशांच्या आसपास राहतो. फरक पाच अंशांचा व मिळणारा गारवा चार अंशांचा. शिवाय ती हवा इतकी दमट होते की अंगावरील घाम वाळत नाही. पावसाळ्यात विदर्भातही हीच स्थिती येते. म्हणून कोकणात कूलर फारसा उपयोगी पडत नाही, आणि आषाढात नागपूरचा माणूसही कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवितो. तो योग्यच करतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील आडाखा ध्यानात ठेवावा. दोन्ही तापमापकांतील फरक १२ अंश किंवा अधिक असेल तर कूलर उत्तम काम देईल. फरक ६ ते १२ अंश असेल तर मध्यम गारवा मिळेल. फरक ६ अंशांहून कमी असेल तर ताटीवर पाणी सोडणे म्हणजे पाण्याचा अपव्यय समजावा.

कूलर पाणी किती घेतो?

दर हजार घनमीटर हवा दहा अंशांनी थंड करण्यास सुमारे साडेचार लिटर पाणी उडावे लागते. एका खोलीचा लहान कूलर तासास दोन हजार घनमीटर हवा ओढतो असे धरू. वर सांगितल्याप्रमाणे ती १५ अंशांनी थंड करावयाची तर तासास सुमारे १३ लिटर पाणी लागेल. दिवसातून दहा तास कूलर चालविल्यास हा खर्च १३० लिटरांवर जातो. मोठ्या कूलरचा खर्च त्याच्या हवेच्या प्रमाणात वाढतो.

याखेरीज आणखी एक खर्च आहे. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार मागे राहतात. ६० लिटरांच्या टाकीत दिवसभरात १२० लिटर पाणी भर म्हणून घातले, तर सायंकाळी टाकीतील ६० लिटरांत १८० लिटर पाण्याचे क्षार साचलेले असतात. म्हणजे पाणी तिप्पट खारे होते. विंधन विहिरीचे जड पाणी असल्यास ताटीवर पांढरी पुटे चढतात, तिची छिद्रे बुजतात व गारवा कमी होतो. म्हणून असे पाणी वेळोवेळी काढून टाकावे लागते. तो खर्च धरता जड पाण्याच्या गावात एका कूलरला दिवसास २०० लिटरांपर्यंत पाणी लागू शकते. गोड्या पाण्याच्या गावात पाणी इतक्या वेळा बदलावे लागत नाही.

ए.सी.चे दूरचे पाणी

ए.सी.च्या टाकीत पाणी घालावे लागत नाही, उलट त्याच्या नळीतून पाणी ठिबकते. म्हणून तो पाणी खात नाही असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. त्यास लागणारी वीज बव्हंशी औष्णिक केंद्रांतून येते, आणि चंद्रपूर, कोराडी, पारस वा परळी येथील केंद्रांचे उंच शीतमनोरे पाहिलेल्यास सांगावयास नको की तेथेही पाण्याची वाफच आकाशात जात असते. सन २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांस एका मेगावॉट-तासास कमाल साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे विजेच्या एका युनिटामागे साडेतीन लिटर. तारांतून होणारी गळती धरली तर घरी पोचलेल्या एका युनिटामागे सुमारे चार लिटर पाणी लागते असे मानावे. सौर व पवन ऊर्जेस मात्र इतके पाणी लागत नाही, म्हणून तिचा वाटा वाढेल तसा हा आकडा खाली येईल.

दीड टनाचा ए.सी. कडक उन्हाळ्यात दहा तास चालला तर सुमारे १० युनिटे वीज घेईल असे धरू. यंत्र कार्यक्षम असल्यास कमी, जुने असल्यास अधिक. त्यामागे वीजकेंद्रातील सुमारे ४० लिटर पाणी खर्च झाले. कूलरचा पंखा व पंप मिळून दहा तासांत सुमारे २ युनिटे घेतात. त्यामागचे पाणी ८ लिटर.

आता ताळेबंद मांडू. कूलर : पाणी सुमारे १४० ते २१० लिटर, वीज २ युनिटे. ए.सी. : पाणी सुमारे ४० लिटर, वीज १० युनिटे. कूलर ए.सी.च्या एक-पंचमांश विजेवर चालतो, परंतु साडेतीन ते पाचपट पाणी घेतो. "कूलर स्वस्त" हे म्हणणे विजेपुरते खरे आहे, "ए.सी.ला पाणी लागत नाही" हे म्हणणे केवळ आपल्या विहिरीपुरते खरे आहे.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. ए.सी. खोली बंद करून तीच हवा पुनःपुन्हा थंड करतो. कूलर सतत बाहेरची नवी हवा आणतो व दमट झालेली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. खिडक्या बंद करून कूलर चालविणारे पुष्कळ आहेत. तासाभरात त्यांची खोली दमट होते, गारवा नाहीसा होतो आणि पाणी मात्र खर्च होत राहते. कूलरसमोरची एक खिडकी वा दार उघडे असलेच पाहिजे.

पाणी कोठले व कोणाच्या वाट्याचे?

लिटरांची संख्या हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. पाणी कोठून येते हा उरलेला अर्धा भाग. कोराडीच्या केंद्रात नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरले जाते. तेथील लिटर आणि टंचाईच्या गावातील पिण्याच्या टाकीतील लिटर यांची किंमत एक नव्हे. उलटपक्षी, वीजकेंद्रासही टंचाई चुकत नाही. सन २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी प्रत्येक लिटरचा जाब विचारला जातो, आणि तो विचारला गेलाच पाहिजे.

सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. एका कूलरचे १५० लिटर म्हणजे जवळजवळ तीन माणसांचा दिवसाचा वाटा होय. गावात वीस कूलर असतील तर दिवसास तीन हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे चोपन्न माणसांचा वाटा. विहिरीस बारमाही पाणी असलेल्या गावाने याची फार चिंता करू नये. परंतु जेथे टँकर येतो तेथे हा हिशेब ग्रामसभेपुढे मोकळेपणाने मांडला पाहिजे.

याचा अर्थ टंचाईच्या गावाने कूलर बंद करावेत असा मात्र कोणी घेऊ नये. उष्णतेच्या लाटेत वृद्ध माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांच्या जिवास खरा धोका असतो. त्यांच्या खोलीत गारवा राखण्यासाठी खर्चलेले पाणी वाया गेलेले नव्हे. जे टाळावयाचे ते रिकाम्या खोलीत चाललेले कूलर आणि रात्रभर अकारण वाहणारे पंप. टंचाईच्या गावात शाळेची, ग्रामपंचायतीची वा समाजमंदिराची एक हवेशीर खोली दुपारच्या वेळी सर्वांसाठी थंड ठेवावी. दोन कूलरचे तीनशे लिटर पाणी पंधरा-वीस दुर्बल माणसांची दुपार सुसह्य करील. तेवढेच पाणी दोन घरांत खर्च झाले तर आठ-दहा माणसांनाच लाभ होईल.

पाण्याची व विजेची काटकसर

प्रथम उष्णता घरात येऊ देऊ नये. कारण न आलेली उष्णता घालविण्यास पाणी लागत नाही व वीजही लागत नाही. पत्र्याच्या वा स्लॅबच्या छतास उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. पश्चिमेच्या भिंतीस वेलीची, ताटीची वा मांडवाची सावली द्यावी. दुपारी खिडक्यांस पडदे लावून पहाटे त्या उघड्या ठेवाव्यात.

कूलर सावलीत ठेवावा. उन्हात तापलेल्या टाकीच्या कूलरला अधिक पाणी लागते व गारवा कमी मिळतो. ताटी वाळ्याची असो, लाकडाच्या भुश्याची असो वा कागदी मधपोळ्याची असो, ती सर्वत्र सारखी भिजली पाहिजे. कोरडा राहिलेला पट्टा म्हणजे गरम हवेस मोकळी वाट. दर हंगामाच्या आरंभी ताटी तपासावी. कुजलेली वा क्षारांनी भरलेली असल्यास बदलावी. रात्री हवा उतरल्यावर पंप बंद करून पंखाच चालवावा. टाकीतून काढलेले पाणी अंगणातील झाडांस घालावे. मात्र अति खारे पाणी एकाच झाडाच्या बुडाशी रोज ओतू नये. सांडपाणी कूलरमध्ये घालू नये. त्याची दुर्गंधी व रोगजंतू हवेबरोबर खोलीत येतात.

ज्यांच्याकडे ए.सी. आहे त्यांनी तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे आणि सोबत पंखा लावावा. अठरा अंशांवर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. यंत्र अधिक वेळ चालते एवढेच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

कूलरमुळे दर उन्हाळ्यात विजेच्या धक्क्याने माणसे दगावतात. ओली फरशी, लोखंडी पेटी आणि जुनी तार यांचा संयोग प्राणघातक असतो. पाणी भरण्यापूर्वी बटन बंद करून प्लग काढावा. लोखंडी कूलरला भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, असलेच पाहिजे. घरात गळती होताच वीज तोडणारे ई.एल.सी.बी. बसवून घ्यावे. अनवाणी व ओल्या हाताने कूलरला स्पर्श करू नये, आणि मुलांना तर त्याच्या जवळ फिरकू देऊ नये.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व त्याची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, तिच्या कडा घासाव्यात व वाळू द्यावी. अंडी कडांस चिकटून राहतात, म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. हंगाम संपताच टाकी कोरडी करून कूलर झाकून ठेवावा.

शेतमालासाठी हेच तत्त्व

जे घरास लागू तेच भाजीपाल्यास लागू आहे. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार करण्यात आला. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची पोकळी, पोकळीत वाळू, वर गवताचे वा पाचटाचे झाकण व त्यावर सावलीचे छप्पर, एवढीच त्याची रचना. वाळू व भिंती सकाळ-संध्याकाळ भिजवाव्यात. सुमारे एक क्विंटल माल ठेवता येईल अशा कक्षास दिवसास २५ ते ५० लिटर पाणी पुरते. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, लिंबे यांचा ताजेपणा बाजाराच्या दिवसापर्यंत टिकतो.

परंतु याचीही मर्यादा तीच : ओल्या तापमापकाच्या खाली तो उतरणार नाही. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवावयाची असतील तर यांत्रिक शीतगृहास पर्याय नाही. कांदा, लसूण व धान्य शीतकक्षात मुळीच ठेवू नये; दमट हवेत कांदा कुजतो व त्यास कोंब फुटतात. त्यांना कोरडी व खेळती हवाच हवी.

कुक्कुटपालनात ओली ताटी व पंखे लावलेली शेड याच तत्त्वावर चालते. तेथेही ओल्या व कोरड्या तापमापकांतील फरक पाहूनच पाणी सोडावे. दमट दिवशी फवारा चालू ठेवल्यास लादीचा भुसा ओला होतो आणि पक्ष्यांचा त्रास वाढतो. अशा दिवशी केवळ पंख्याचा वारा अधिक हितकारक ठरतो.

सारांश

कोरडी हवा व पुरेसे पाणी असलेल्या गावात कूलरसारखे स्वस्त साधन दुसरे नाही. दमट प्रदेशात तो घेऊ नये. कोरडी हवा पण टंचाईचे पाणी, अशा गावात छताचा चुना व भिंतीची सावली यांस पहिले स्थान द्यावे, कूलर दुर्बल माणसांसाठी व दुपारपुरता राखावा, आणि शक्य तेथे सर्वांची मिळून एक खोली थंड करावी. ए.सी. घेणाऱ्याने आपल्या घरी टाकी भरावी लागत नाही म्हणून पाणी वाचले असे समजू नये. ते पाणी दुसऱ्या धरणातून गेलेले असते.

दोन तापमापक, एक ओले फडके आणि कूलरच्या टाकीत दिवसभरात किती बादल्या पडल्या याची नोंद, एवढ्या साधनांनी कोणाही कार्यकर्त्यास आपल्या गावाचा हा हिशेब एका आठवड्यात तयार करता येईल. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावावा. आपला कूलर दिवसास किती पाणी घेतो हे कळल्यावर पंप अकारण चालू ठेवणारे घर सहसा आढळणार नाही.